पेलाभर पाणी

मी तेरा वर्षांची असताना एक पावसाळा इंद्रायणीकाठच्या एका शेतकऱ्याच्या घरी काढला. आई गेली होती. वडील रेल्वेत, खंडाळ्याच्या घाटात. पावसाळ्यात दरडी कोसळतात म्हणून चार महिने त्यांना तिथेच राहावं लागे. या शेतकऱ्याची म्हैस त्यांनी एकदा रुळावरून ओढून काढली होती. तेवढ्या ओळखीवर त्याने मला ठेवून घेतलं.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या वेळी झालो. त्याआधी आम्ही कोण होतो, ते गावाला सांगावं लागत नव्हतं. मी पडवीत झोपायचे. माझा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला आणि ताटली तिथल्याच कोनाड्यात. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हंड्याला शिवायचं नाही. तहान लागली की ओंजळ धरायची, घरातलं कोणीतरी वरून पाणी ओतायचं. वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. पोटभर मिळत होतं.

पाणी बहुतेक काकी ओतायची, त्या शेतकऱ्याची बायको. तिला मूल नव्हतं. मी प्रार्थना म्हणायला बसले की ती दारात येऊन उभी राहायची.

“तुमचा देव मराठी बोलतो व्हय गं?”

“मग काय बोलेल?”

“मला वाटलं, सायबाचं बोलत असंल. हा तर आमच्याच गावचा निगाला की मेला!”

आतून तिची सासू ओरडायची, “देवाला मेला म्हनती! जीभ झडंल!”

भाताच्या लावणीत काकी तापाने पडली. लावणी थांबत नाही. चौथ्या दिवशी सगळे ओढ्यापलीकडच्या खाचरात गेले. जाताना सासू मला म्हणाली, “दारात बस. काय झालं तर मला बलवायला ये. पर आत जाऊ नगं.”

दुपारी काकीने डोळे उघडले. “पोरी, पानी.”

हंडा तिच्या अंथरुणापासून चार पावलांवर होता. मी म्हटलं, “आजींना बोलावते.”

“घसा जळतोय गं. दे की. कोन बघतंय?”

पेल्यात पागोळीचं पाणी धरावं म्हटलं, तरी ते द्यायला आत जाणं आलंच. मी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि मागे घेतला. इथून हाकललं तर मला जायला जागा नव्हती. मी खाचराकडे पळत सुटले. ओढा भरून चालला होता, साकवावरून लांबचा वळसा पडला.

आम्ही परत आलो तेव्हा काकी घोंगडीवरून सरपटत पुढे आली होती. हंडा हातभर लांब राहिला होता. सासूने तिच्या तोंडात पाणी घातलं. ते गालावरून खाली आलं.

दोन दिवसांनी सासू पडवीत आली. “पानी मागितलं व्हतं का तिनं?”

“मागितलं.”

“तू दिलंस?”

“नाही.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि आत गेली.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. मी लांब उभी होते. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मेलेल्याचं मन कशात अडकलं असलं की कावळा येत नाही, असं म्हणतात. नवरा म्हणाला, “तुझी म्हस इकनार न्हाई.” दीर म्हणाला, “तुझ्या आईला लुगडं धाडू.” कावळे झाडावर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं.

मग सासू मागे वळली. “ये गं पोरी हिकडं. तुझा पेला आन.”

पिंडाजवळ जायचं नाही, असं आमच्या चर्चमध्ये शिकवलेलं. मला ते माहीत होतं. मी घरी पळत जाऊन पेला आणला, नदीत बुडवून भरला आणि पिंडाशेजारी ठेवला. कोणी अडवलं नाही.

“पोरगी पानी देतीय,” सासू मोठ्याने म्हणाली. “घे बाई आता.”

थोड्या वेळाने कावळा आला. त्याला भूक लागली असेल, असं मला आज वाटतं. पाण्याला त्याने चोच लावली की नाही ते मी पाहिलं नाही. माझी मान खाली होती.

संध्याकाळी मला तहान लागली. मी उंबऱ्याबाहेर ओंजळ धरून उभी राहिले. सासू तांब्या घेऊन आली आणि तिने वरून पाणी ओतलं.