पट्टी न लावलेला हात

वडील कारखान्यातून निवृत्त झाले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, जपानमधल्या एका डोंगरी गावातल्या जुन्या सराईत, माझ्या आईला गरम झऱ्याच्या सामाईक हौदात उतरू दिलं गेलं नाही. कारण तिच्या डाव्या हातावरचं गोंदण.

हे गोंदण मनगटापासून कोपरापर्यंत आहे. मध्ये तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या रांगा, कोपराजवळ विंचू. यवतमाळकडच्या गावी, आई शाळेतही जात नव्हती तेव्हा, तिच्या आईने ते गोंदवून घेतलं.

भोपाळला ते पहिल्यांदा खटकलं टाऊनशिपच्या लेडीज क्लबात. वडील ड्राफ्ट्समन म्हणून लागले होते. खात्याच्या परीक्षा देत ते अधिकारी झाले आणि आम्ही छोट्या क्वार्टरमधून अंगणवाल्या क्वार्टरमध्ये आलो. तिथल्या बायकांसाठी क्लब होता. वार्षिक फोटोच्या वेळी शेजारच्या साहेबांच्या पत्नी आईला म्हणाल्या, "भाभीजी, ये गोदना ज़रा पल्लू में ले लीजिए. फोटो में अच्छा नहीं लगता."

आईने पदर हातावर घेतला. घरी आल्यावर तिने हे वडिलांना सांगितलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं.

"अगं, मग लांब बाह्यांचे शिवून घे ना," वडील म्हणाले. "त्यात काय एवढं?"

जवाहर चौकातल्या शिंप्याकडे मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवले गेले. क्लबला, लग्नांना, गणपतीच्या आरतीला आई तेच घाली. मे महिन्यातही घाली. घरात तिचे हात उघडे असत, पण दारावरची घंटी वाजली की पदर खाली येई. निवृत्तीनंतर आम्ही क्वार्टर सोडून इंद्रपुरीत घर केलं. ब्लाउज बरोबर आले.

माझा भाऊ तेव्हा जपानमध्ये नोकरीला होता. आईचे गुडघे दुखत. तिथल्या झऱ्याच्या पाण्याने आराम पडतो, असं त्याने फोनवर सांगितलं. जमिनीतून आपोआप गरम पाणी कसं येतं, हेही तो समजावू लागला.

"मला काय सांगतोस?" आई म्हणाली. "लहानपणी उनकेश्वरच्या कुंडात आंघोळी केल्यात मी."

तिला आणि वडिलांना घेऊन मी गेले; तिथे भाऊ आम्हाला येऊन मिळाला. सराईत दाराशीच चपला काढायच्या होत्या. जमिनीवर गवती चटया, बुटकं टेबल; संध्याकाळी तिथल्या बायका येऊन कपाटातल्या गाद्या जमिनीवर घालत.

"खाली बसायचं, खाली झोपायचं," आई वडिलांकडे बघत म्हणाली. "आणि तुम्ही सोफा सोफा करून माझं डोकं खाल्लं होतं."

हौदावर अंगावर काही ठेवता येत नाही, हे भावाने आधीच सांगितलं होतं. आई इथे अडेल असा माझा अंदाज होता. ती अडली नाही. "सगळ्या बायाच आहेत ना?" एवढंच तिने विचारलं. आधी बुटक्या पाटावर बसून, लाकडी भांड्याने पाणी घेत अंग स्वच्छ धुवायचं आणि मग हौदात उतरायचं, अशी पद्धत होती. आईला ती पसंत पडली. "आपल्या मोरीसारखंच आहे की," असं म्हणत तिने साबण हातात घेतला.

तिथे देखरेखीला असलेल्या बाईंची नजर आईच्या हातावर गेली. त्या वाकून नमस्कार करून बाहेर गेल्या आणि एका तबकात कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या घेऊन आल्या.

"मला कुठे लागलंय?" आईने मला विचारलं.

बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी सराईच्या मालकीणबाईंना बोलावलं, मालकीणबाईंनी भावाला. भाऊ दालनाबाहेर, कापडी पडद्यापलीकडे उभा राहिला. आई अंगाला सुती झगा गुंडाळून पडद्याच्या आत. पुढचं बोलणं पडद्यातून झालं.

"आई, ती पट्टी हातावर लावायची. कळतसुद्धा नाही लावलेली."

"पण काहून?"

आई चिडू लागली की वऱ्हाडीवर येते.

"इथले गुंड अंगभर गोंदवून घेतात. टोळ्या असतात त्यांच्या. म्हणून गोंदलेल्या कुणालाच आत सोडत नाहीत. नियम आहे."

"म्हणजे मी गुंड?"

"क्वार्टरमध्ये होतीसच," पडद्यापलीकडून वडिलांचा आवाज आला. ते पुरुषांच्या हौदातून नुकतेच बाहेर पडले होते. त्यांच्या विनोदाला कुणी हसलं नाही. मग ते म्हणाले, "अगं, लाव ना पट्टी. त्यात काय एवढं?"



"तुमच्या त्या 'त्यात काय एवढं'मध्ये माझे सारे उन्हाळे गेले," ती म्हणाली. "आता नाही लावत."



"आई, गुडघ्यांसाठी आलोय आपण," भाऊ म्हणाला. "एवढ्या लांब."

"गुडघे माझे आहेत. तू त्यांना माझं सांग. हा दागिना आहे म्हणावं. सोनं मेल्यावर काढून घेतात, हे कुणी काढत नाही. माझ्या आईने घातलाय. दागिन्याला कुणी पट्टी लावत नाही."

भावाने ते सांगितलं. किती आणि कसं सांगितलं, ते मला पडताळता आलं नाही. मालकीणबाई बराच वेळ बोलल्या, मध्ये मध्ये पडद्याच्या दिशेने वाकत. मग भावाने कळवलं की त्या माफी मागत आहेत; नियम बदलणं त्यांच्या हातात नाही, पण कुटुंबासाठी एक वेगळी खोली आहे. आतून कडी लावून आई तिथे हवी तितकी आंघोळ करू शकेल. पाणी त्याच झऱ्याचं.

"बाकीच्या बाया कडी लावून करतात का?"

"नाही."

"मग मीही नाही करत. त्यांना नमस्कार सांग. त्यांच्यावर राग नाही म्हणावं माझा."

पट्ट्यांचं तबक तसंच परत गेलं. आईने अंग पुसलं आणि साडी नेसली. लांब बाह्यांचा ब्लाउज तिने हातात धरला, मग त्याच्या बाह्या कोपराच्या वर दुमडून तो घातला.

सराईच्या प्रवेशदाराशी, रस्त्याच्या कडेला, पाय बुडवून बसायची एक दगडी चरी होती. तिच्यात तेच पाणी वाहत होतं. तिथे गोंदणाचा नियम नव्हता. मी भावाकडून दोनदा विचारून घेतलं. आई तिथे जाऊन बसली, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन, दोन्ही हात मांडीवर उघडे. रस्त्याच्या कडांना बर्फ होता.

"शाल तरी घे," मी म्हणाले.

"पाठीवर दे. हातावर नको."

सराईत येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथून जात होता. काही जण बघत. एक म्हातारी पाहुणी शेजारी येऊन पाय सोडून बसली. तिने आईच्या हाताकडे पाहिलं, विंचवापाशी बोट नेलं, पण टेकवलं नाही, आणि काहीतरी बोलली. भाऊ खोलीत होता. ती काय म्हणाली ते आम्हाला कळलं नाही. आईने तिला मराठीतच सांगितलं, "विंचू आहे. चावत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील पुरुषांच्या हौदाकडे गेले नाहीत. त्यांनी मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते आईच्या शेजारी चरीवर येऊन बसले.

"तुम्हाला कुणी अडवलंय?" आईने विचारलं.

"पाणी तेच आहे ना?" वडील म्हणाले.

"तेच आहे."

"मग बसू दे."

निघेपर्यंत आई सामाईक हौदात उतरली नाही. वेगळ्या खोलीतही गेली नाही.

संक्रांतीच्या आधी आम्ही भोपाळला परतलो. टाऊनशिपमधल्या मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला आई कोपराच्या वर बाह्या असलेला, घरात घालायचा ब्लाउज घालून गेली. फोटोवेळच्या त्या शेजारीणबाईही आमंत्रणावरून आल्या होत्या. त्यांनी आईचा हात बघितला.

"अरे भाभीजी, इतनी ठंड में आधी बाँह?"

"जपान में तो बरफ थी," आई म्हणाली. "वहाँ भी ऐसे ही बैठी थी." आणि त्याच हाताने तिने त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई इंद्रपुरीत आली. आईने लांब बाह्यांचे सगळे ब्लाउज तिला दिले. बदल्यात स्टीलचं एक पातेलं मिळालं. दूध अजून त्यातच तापतं.