शेपटीला लावलेला पोळ्याचा रंग

सन साठच्या आसपास यवतमाळबाहेरच्या माळावर आमचा ग्लायडिंग क्लब होता. क्लब म्हणजे लाकडाचं आणि कापडाचं एक बिनइंजिनाचं विमान, त्याला दोरानं खेचून वर सोडणारं एक यंत्र आणि एक बैलजोडी. ग्लायडर उतरायचं माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथून ते ओढून आणायचं काम बैलांचं. मी शाळेत मास्तर होतो आणि एकट्यानं उडण्यासाठी जीव टाकत होतो. शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी अखेर मान डोलावली, पण अट घातली: वार्षिक तपासणी होऊन उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळाला, की पहिलं उड्डाण तुमचं. दाखला मिळाला नाही तर ग्लायडर नागपूरला परत जाणार होतं.

नेमका तपासणीच्या आधी पोळा आला. माझं नशीब असंच आहे.

मुंबईहून आलेले तपासनीस साहेब हसत नसत. त्यांनी पंखावर टिचक्या मारल्या, तारा ओढून पाहिल्या, आरसा घालून आतले कोपरे पाहिले आणि शेपटीपाशी येऊन थबकले. शेपटीवरच्या उभ्या सुकाणूवर लाल तेलरंगाचा जाड थर होता.

"हे काय?"

बैलांचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ते अभिमानानं पुढे आले. "पोळा होता ना साहेब. वर्षभर राबते त्याले सजवा लागते. आदल्या दिशी बैलायसारखं जेवाचं आवतनबी देलं होतं याले."

सुकाणू जड झालं की वाऱ्यात थरथरतं आणि थरथरत निखळतं, असं साहेबांनी सांगितलं. रंग खरवडा, नाहीतर सही नाही.

"पोळ्याचा रंग खरवडाचा नसते," काका म्हणाले. "तो आपोआप जाते. कोनी हात लावला त माहे बैल या माळावर दिसनार नाही."

सही एकाकडे, बैल दुसऱ्याकडे, आणि मधे मी. काकांना नियम सांगितला, तर म्हणाले, "नियमाले पोळा ठाऊक नाही, त माहा काय दोष?" साहेबांना पोळा सांगितला, तर त्यांनी नियमांचं पान उघडून माझ्या नाकासमोर धरलं. मला दोघांचाही संताप आला, आणि उगाचच ग्लायडरचाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट बैलांकडे गेले. ग्लायडरभोवती फिरावं तसे त्यांच्याभोवती फिरले, रंगवलेली शिंगं निरखली, मग मागे गेले.

"काका, शिंगं छान रंगवलीत. शेपटी का नाही रंगवली?"

काका खो खो हसले. "शेपटी कोनी रंगवते काय साहेब? लोक हासतीन!"

साहेबांनी सुकाणूकडे बोट दाखवलं. "ही त्याची शेपटी."

काकांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी ग्लायडर पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "उभं होतं, मले शिंग वाटलं," ते पुटपुटले, आणि मग माझ्यावर बरसले. "मास्तर, तुमी त शिकलेले! काहून नाही सांगतलं? अख्ख्या माळासमोर मी शेपूट रंगवून बसलो!"

रंग त्यांनी स्वतःच, आडोसा करून, कुणाच्या नजरेस पडणार नाही असा खरवडून काढला. साहेबांनी सुकाणू उतरवून तोललं, पुन्हा बसवून हलवून पाहिलं आणि सही केली. कॅप्टनसाहेबांनी मला बसण्याची खूण केली.

वर गेलो तेव्हा भीती वाटली, हे कबूल करतो. पण खाली काळ्या मातीतली हिरवी कपाशी दिसली, मागची कॅप्टनसाहेबांची रिकामी जागा आठवली आणि मी मोठ्यानं ओरडलो. ऐकायला कुणीच नव्हतं, म्हणून आणखी ओरडलो.

मी उतरल्यावर तपासनीस साहेब धावत आले. त्यांची बस केव्हाच निघून गेली होती, तरी ते थांबले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आधी सुकाणू हलवलं, तारा चाचपल्या, मग ग्लायडरला टेकून उभे राहिले.

"वर तुम्ही होता," ते म्हणाले, "पण सही माझी होती."

कालपासून मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. आता त्यांच्यासाठी पाणी आणायला मीच पळालो.