यजमानांचे मोजमाप

वासेकर सरांना कुणी क्वासारबद्दल विचारलं की त्यांचा चेहरा पडायचा. भिलाईत आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या या गृहस्थाचा जीव क्वासारवर नव्हताच. क्वासार, म्हणजे अतिदूरचा तो झगझगीत ठिपका, ज्या दीर्घिकेच्या, अब्जावधी ताऱ्यांच्या थव्याच्या, पोटात बसलेला असतो, तिच्यावर होता. ते म्हणायचे, "क्वासार पाहुणा हाये. एवढा झगमग करते का यजमान दिसतच नाही. मी त्या यजमानाले मोजून राहिलो."

भिलाईत पोलाद कारखान्यानं रात्री वितळता स्लॅग ओतला की आभाळच लाल होई, म्हणून दर उन्हाळ्यात ते दक्षिणेतल्या वेधशाळेत जात. फोटोतून क्वासारचा उजेड वजा करायचा आणि उरलेल्या पुसट डागावरून दीर्घिका केवढी, कशी, ते ठरवायचं. "जास्त वजा केलं तं घरच पुसून जाते, कमी केलं तं पाहुणाच घर वाटते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक ऐकत, मान डोलवत आणि पुन्हा क्वासारचंच विचारत. दीर्घिका केवढी निघाली, हे एकानंही विचारलं नव्हतं. सरांना तेवढा एकच प्रश्न हवा होता.

ते रिटायर झाले तेव्हा आमच्या मराठी मंडळानं त्यांचं व्याख्यान ठेवलं, 'यजमान दीर्घिकांचे मोजमाप'. 'दीर्घिका' कुणाला कळणार नाही म्हणून सेक्रेटरींनी तो शब्द फळ्यावरून गाळला. उरलं, 'यजमानांचे मोजमाप'. आमच्या बायका नवऱ्याला यजमान म्हणतात. हॉल बायकांनी भरला, लांबच्या सुपेला वस्तीतूनसुद्धा आल्या. अध्यक्ष म्हणून आलेले बडे साहेब समोसे थंड होईपर्यंत स्वतःच्या परदेशवारीवर बोलले आणि निघून गेले. उरलेल्या वेळात सरांनी कसंबसं आटोपलं. मग एकानं क्वासारची साडेसाती लागते का, असं विचारलं. मला भयंकर राग आला.

तेवढ्यात मागून वासेकरबाई उठल्या. नोकरीसाठी गावाकडून येऊन सरांच्या क्वार्टरात राहणाऱ्या भाच्यापुतण्यांच्या पोळ्या लाटण्यात या बाईंचा संसार गेला होता.

"मंग तो यजमान केवढा निघाला, सांगा नं जी."

हॉल खो खो हसला. सर हसले नाहीत. "घरी सांगतो," ते पुटपुटले.

"घरी पाहुणे असतात. इथंच सांगा."

लोक समोशांकडे वळले होते. सरांनी खडू उचलला. बाई सावकाश पुढे आल्या आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या.