लवंग मॅडम आणि उतरलेला टक्का

चोरलेला परिच्छेद वाचला की आमच्या लवंग मॅडमना खरोखर मळमळायचं. बोलायचं म्हणून बोलत नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रथम वर्षाच्या प्रकल्पांचा गठ्ठा टेबलावर आला की त्या पर्समधून डबी काढायच्या, एक लवंग दाढेखाली धरायच्या आणि मगच पहिलं पान उलटायच्या. "शिळंपाकं वाढतात गं मेली," असं पुटपुटत पान दोन बोटांत धरायच्या. पोरांनी नाव पाडलं ते त्या डबीवरून. खरं नाव स्टाफच्या यादीत होतं, ते तिथेच राहिलं.

मीरा रोडच्या आमच्या कॉलेजात माझं टेबल त्यांच्या शेजारी. दोघी मराठीच्याच, मी कायम, त्या वयाने मोठ्या असूनही दरवर्षी नव्याने नेमलेल्या. प्रकल्पाच्या तासाला सगळ्या तुकड्या एकत्र सभागृहात बसवलेल्या असत. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा नाही, नजर तर नाहीच. अशा गर्दीत कोण काय लिहितंय हे कोणत्या बाईला कळणार? मग कॉलेजने वाङ्मयचोरी पकडणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि स्टाफरूममध्ये अशी काही खुशी पसरली की मला शिसारी आली. शिकवायचं सोडून सगळ्यांना पकडायचीच घाई.

मॅडमनी मात्र ते यंत्र वेगळंच वापरलं. पहिल्या कच्च्या खर्ड्यापासून प्रत्येक खर्डा त्या यंत्रात टाकायला लावत, रंगीत रिपोर्ट काढत आणि तो प्राचार्यांकडे न पाठवता ज्याचा त्याच्या हातात देत. "हे लाल झालंय ते तुझं नाही. पांढरं उरलंय ते तुझं. किती उरलंय बघ," एवढंच म्हणायच्या. मग कागद उलटा ठेवायला लावायच्या. "आता न बघता सांग मला. जे सांगशील ते लिही." मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाभोवती पोरांचा गराडा पडायचा आणि माझा चहा दरवेळी कोणाच्या तरी कोपराने सांडायचा. चिडायचे मी, पण कान तिकडेच असायचे.

त्या गराड्यात समुद्रकाठच्या पाली गावची दर्शना होती. कोळ्यांची पोर, कॉलेजात आलेली घरातली पहिली. 'माझा परिसर' या विषयावर तिने कुठल्या तरी वेबसाइटवरून कोळी संस्कृती उचलून आणली होती: रंगीबेरंगी वेशभूषा, उत्साही नृत्य, सागराशी अतूट नातं. रिपोर्ट वरपासून खालपर्यंत लाल. मॅडमनी लवंग या दाढेखालून त्या दाढेखाली सरकवली.

"तुझी आई रोज नाचते का गं?"

"न्हाय मॅडम. बोंबील सुकवते."

"मग ते सोडून हे काय आणलंस? ही वेबसाइट पालीला कधी आली होती का?"

दर्शना हसली, मग रडली, मग लिहायला बसली. दुसऱ्या खेपेला तिने आणलेल्या पानात एक वाक्य होतं: 'आईच्या हाताला सुट्टीच्या दिवशीपण बोंबलाचा वास येतो, म्हणून ती लग्नात हात पदराखाली ठेवते.' मॅडमनी ते मला वाचून दाखवलं आणि लवंग काढून कागदात गुंडाळली. "आज नको," म्हणाल्या. त्यांचा तेवढा खुललेला चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही.

मॅडम सिल्व्हर पार्कात राहायच्या. त्यांच्याच इमारतीच्या खाली झेरॉक्सचं दुकान, आणि दुकानाबाहेर पाटी: 'प्रोजेक्ट का परसेंट कम करके मिलेगा'. चोरलेल्या मजकुरातले शब्द बदलून द्यायचे, म्हणजे यंत्राला ओळख पटत नाही, असा तो धंदा. मॅडम रोज सकाळी तिथे थांबून भांडायच्या. "भैया, ये क्या गंदगी बेचते हो?" तो शांतपणे म्हणायचा, "मॅडम, आपके ही कॉलेज के बच्चे आते हैं. मैं बुलाने थोड़ी जाता हूँ." मग तो सगळा संताप स्टाफरूममध्ये माझ्यावर निघायचा.

घोटाळा झाला तो शेवटच्या तपासणीत. मॅडमच्या पोरांचे पक्के प्रकल्प कॉलेजने यंत्रात टाकले आणि रिपोर्ट आले, बहुतेक सगळे लाल. कोणाचा जुळणीचा टक्का ऐंशी, कोणाचा नव्वद. दर्शनाचा सगळ्यांत जास्त. झालं होतं एवढंच, की आधी टाकलेले खर्डे यंत्राने साठवून ठेवले होते आणि आता पोरांचं लिखाण त्यांच्याच खर्ड्यांशी जुळत होतं. ज्याने स्वतःचं जितकं जपलं, तो तितका मोठा चोर ठरला. खर्डे साठवू नयेत अशी खूण करायची असते, हे मॅडमना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मीही होते, विभागप्रमुखही. मॅडमनी सगळं नीट समजावलं. मला वाटलं होतं प्राचार्यांना कळणार नाही. पण त्यांना पहिल्या मिनिटात कळलं, आणि त्याचीच मला आजही किळस येते.

"मॅडम, मला पटतंय हो," ते म्हणाले. "पोरांनी चोरी केलेली नाही. पण कॉलेज तपासायला कमिटी येतेय, ती आकडा बघणार. आकडा खाली आला पाहिजे."

"कंपनीला कळवून खर्डे काढून टाकता येतात. नाहीतर एकेका पोराला इथे उभं करा आणि विचारा."

"निकाल लांबेल," विभागप्रमुख म्हणाले, आणि मग हसून, "तुमच्या बिल्डिंगखाली दुकान आहे ना? द्या ना पाठवून पोरांना. एका दिवसाचं काम."

"म्हणजे स्वतःचं लिहिलेलं नासवून आणा, असं मी सांगू त्यांना?"

शिपाई चहा ठेवून गेला. विभागप्रमुखांनी तिथे बसल्या बसल्याच वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला, टक्का उतरवून आणेल त्याचाच प्रकल्प स्वीकारला जाईल.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानासमोर आमचा अख्खा वर्ग उभा. वर्षभर जी पोरं मॅडमच्या टेबलाभोवती 'न बघता' बोलायला शिकली, ती आता आपापली वाक्यं मोडून घ्यायला रांगेत. दर्शना तेवढी गेली नाही. ती स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, मी न्हाय देत बदलून. नापास झाले तरी चालंल."

ती नापास झाली तर काय होणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. घरचे म्हणणार, झालं तेवढं कॉलेज पुरे, आता बस आईजवळ सुकवायला. मॅडमच्या तत्त्वासाठी पोरीचं वर्ष जाणार होतं आणि ते त्यांना परवडणारं नव्हतं.

"जा," म्हणाल्या. "वर्ष वाचव. मी सांगतेय म्हणून जा."

दर्शना गेली. मॅडमनी पर्स उचलली आणि तास न घेताच घरी निघाल्या. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

टक्के छान उतरले. प्राचार्यांनी सभेत विभागाचं अभिनंदन केलं आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत मॅडमचे हात नव्हते. लेखन विद्यार्थ्याचं स्वतःचं असल्याचा दाखला द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता, तेव्हा विभागप्रमुखांनीच धडाधड सह्या ठोकल्या. पुढच्या वर्षी मॅडमना बोलावणं येणार नाही हे त्या सह्यांबरोबरच ठरलं.

त्या शेवटचं टेबल आवरायला आल्या तेव्हा दर्शना आईला घेऊन आली. आईच्या हातात सुक्या बोंबलांची पुडी. पुडी टेबलावर ठेवली आणि बाईने हात लगेच पदराखाली घेतले.

"पोर पास झाली मॅडम. माज्यावर लिवलंय म्हनं. ज्याच्यावर पास झाली ते वाचून दावा की."

दर्शना म्हणाली, "आये, नको." आई ऐकेना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शिक्का बसलेला प्रकल्प माझ्याच कपाटात होता. मी काढून दिला. मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"'जननीच्या कराला अवकाशाच्या दिनीसुद्धा मत्स्याचा गंध येतो, म्हणून ती विवाहात कर पदराखाली स्थापित करते.'"

बाई मान पुढे करून ऐकत होती. अजून काही येईल म्हणून थांबली. मग लेकीकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"ही कोन बाई हाय, मॅडम?"

मॅडमनी प्रकल्प मिटला.

"कोणीच नाही हो, ताई," त्या म्हणाल्या. "अशी कोणीच नाही."