अर्धा खांब

नातवाच्या घरी फरशी कापताना दगडाची भुकटी उडाली आणि माझे हात आपोआप पदराखाली गेले. मला हिंगोलीचं गोऱ्यांचं जुनं कबरस्तान आठवलं.

माझे बाबा पाथरवट. तिथल्या डागडुजीचं काम त्यांच्याकडे होतं. एका कबरीवरचा खांब मोडलेला दिसला, म्हणून त्यांनी महिनाभर खपून वरचा अर्धा भाग घडवला आणि बसवला. पाहायला आलेला इंग्रज साहेब संतापला. मोडक्या हिंदीत म्हणाला, असे खांब आम्ही ग्रीकांकडून घेतले. तरणा माणूस गेला की त्याच्या कबरीवर मुद्दाम अर्धाच उभारतो. वरचा काढा.

बाबांच्यानं हातोडा उचलवेना. "कुणाच्या लेकराचं अर्धं काहून ठिवावं?" ते पुटपुटले.

"सरका बाबा," म्हणत माझा वीस वर्षांचा दादा पुढं झाला आणि हसत हसत एका घावात त्यानं तो तुकडा खाली पाडला. मी टाळ्या पिटल्या.

तुकडा आम्ही घरी आणला. आई त्यावर धुणं आपटायची.

पुढच्याच वर्षी निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात दादा मारला गेला. बातमी आली त्या दिवशी बाबांनी आईच्या हातातलं ओलं धुणं काढून घेतलं, दगड कोरडा पुसला आणि उचलून घरात नेला.