ताईंना ठाऊक होतं तेवढं

माईक हातात आला की ताई आधी पदर सारखा करायच्या, समोर माणूस असो वा नसो. मग माईकच्या जाळीवर नखाने टकटक करून माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवली की सुरू. "आयका. मला ठावं हाय तेवढंच सांगते. पुढचं मला बी ठावं नाय."

आमदाराने असं बोलायचं नसतं. आमदार तुम्हीही ऐकलेत, माझा तर तो धंदाच आहे. दहिवलीत माझं साउंडचं दुकान आहे. हळदी, लग्नं, जत्रा आणि निवडणुका यांवर आमचं घर चालतं. आजवर कितीतरी पुढाऱ्यांचे आवाज माझ्या भोंग्यांतून गेले, पण आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं त्यांतला कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. ताई निवडून आल्या त्या प्रचारात साउंड माझंच होतं, आणि तेव्हा त्यांनाही पुष्कळ ठाऊक होतं. रस्ता होणार, पूल होणार, नळाला पाणी येणार.

मग टाळेबंदी आली. दुकानाचं शटर खाली, स्पीकर गोणपाटाखाली. एका सकाळी ताईंचा फोन आला.

"सुभाष, टेंपो चालू हाय का रं तुजा?"

"चालू आहे ताई, पण काढू कसा? पोलीस झोडपतील."

"मी बसते ना पुढं. भोंगा बांध. वरच्या वाड्यांना रेंज नाय. खाली काय चाललंय ते त्यांना कोन सांगनार?"

ताई मूळच्या जुन्या हायवेवरच्या चौक गावाजवळच्या एका खेड्यातल्या. राजकारणात येण्यापूर्वी त्या पिठाची गिरणी चालवायच्या. नवरा जिल्हा परिषदेत होता. तो अचानक गेला आणि पक्षाने तिकीट यांच्या हातात ठेवलं. गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की मला मशीनवरचं बटण खालीच ठेवावं लागे.

"ताई, माईक जरा लांब धरा."

"लांब धरला तर तुज्या भोंग्याचा उपेग काय?"

सकाळी निघायचो. आज कर्जतच्या बाजूच्या आदिवासी वाड्या, उद्या खालापूरची गावं, परवा रसायनीकडचे कामगारांचे चाळवजा मोहल्ले. रेशन कधी येणार, तपासणीची गाडी कुठे उभी राहणार, कुठलं गाव बंद केलंय आणि का, एवढं त्या सांगायच्या. कंपनीची बस कधी सुरू होणार, असं रसायनीत कुणी खिडकीतून विचारलं, की मालकांना विचारते म्हणायच्या. विचारायच्याही. पुढच्या खेपेला माईकवरून सांगायच्या, "बसचं इचारलं. त्यांना बी ठावं नाय." लोक हसायचे. त्या दिवसांत कुणी हसलं तरी बरं वाटायचं.

सुरुवातीला वरून आलेला मजकूर त्या जसाच्या तसा वाचायच्या. घरात राहा, अंतर ठेवा, वारंवार हात धुवा. डोंगराच्या पोटातल्या एका वाडीवर हे वाचून झालं, तेव्हा एक म्हातारी टेंपोजवळ आली. वाडीवर सगळ्यांना 'तू' म्हणतात, आमदारालाही.

"पानी तू आनतेस का?" तिने विचारलं. विहीर उतारावर खूप खाली होती.

ताईंनी माईक बंद करायला सांगितला. परतताना तहसीलला फोन लावला, पंचायतीला लावला, आणखी कुणाकुणाला लावला. टँकर आला. एकदा आला, मग आला नाही. त्यानंतर त्या वाडीवर ताईंनी हात धुवायचं वाक्य पुन्हा वाचलं नाही. मी एकदा आठवण करून दिली तर म्हणाल्या, "मी कोनत्या तोंडानं सांगू रं?"

जुन्या हायवेवर तेव्हा माणसं चालत होती. चौकला ढाबे बंद, गॅरेज बंद, आणि त्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बोचकी टेकवून बसलेली कुटुंबं. एका बाईने आमचा भोंगा बघून, सरकारी माणसं असतील म्हणून विचारलं, "आगे गाड़ी मिलेगी क्या?" ताईंच्या ओठांवर 'मिलेगी' आलेलं मी पाहिलं. पण म्हणाल्या, "मालूम नहीं बहन. इधर थोडा रुको, खाना देते." ती बाई जेवली आणि चालायला लागली. ताई कितीतरी वेळ आरशात मागे बघत होत्या.

त्याच संध्याकाळी पक्षाच्या एका मोठ्या माणसाचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आला. "तुम्ही लोकांना घाबरवताय. माहीत नाही, माहीत नाही काय लावलंय? लोकांना धीर द्या."

"माज्याकडं असता तर दिला असता, साहेब," ताई म्हणाल्या.

आता गोविंदचं सांगतो.

त्या विहीर लांब खाली असलेल्या वाडीवर गोविंद आणि चांगुणा हे जोडपं राहायचं. गोविंद एका फार्महाऊसवर रोजाने बागकाम करायचा. पावसाळ्यात त्याला ताप भरला, श्वास लागायला लागला. दवाखान्याची गाडी उताराखाली उभी राहिली, तेव्हा प्लॅस्टिकच्या कपड्यांतली माणसं बघून अर्धी वाडी रानात पळाली. गोविंद कुणाच्या आधाराशिवाय खाली चालत आला आणि गाडीत बसला. खांद्यावर पंचा, एवढंच सामान. चांगुणाला बरोबर येऊ दिलं नाही. दोघांकडेही फोन नव्हता.

तेव्हापासून टेंपो वाडीवर गेला की ती टेंपोपाशी येऊन उभी राहायची. उताराखाली जेमतेम रेंज धरायची, तिथून ताई तिच्यासमोरच कोविड सेंटरला फोन लावायच्या. नाव सांगायच्या, गाव सांगायच्या, पलीकडचं ऐकून घ्यायच्या.

"बरा हाय म्हनतात."

"जेवला?"

ताई पुन्हा फोनमध्ये विचारायच्या. "जेवला. डाळ-भात खाल्ला."

चांगुणा मान हलवायची आणि वर निघून जायची. पुढच्या खेपेला तेच. बरा हाय. जेवला. एकदा ताईंनी हौसेने आणखी विचारून घेतलं आणि तिला सांगितलं, "आज अंडं बी खाल्लं गं!" तेव्हा चांगुणा तोंडावर हात ठेवून हसली. "त्याला अंडा लय आवडतो," म्हणाली.

एका सकाळी आम्ही तिकडेच निघालो होतो. वाटेत ताईंचा फोन वाजला. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुभाष, थांबव." उतरून रस्त्याकडेच्या मोरीवर बसल्या. पाऊस भुरभुरत होता, छत्री गाडीतच राहिली होती.

वॉर्डात एकाच आडनावाचे दोन गोविंद होते. जेवत होता तो दुसरा. चांगुणाचा गोविंद तिथे नेल्यावर थोड्याच दिवसांत गेला होता. ज्यांनी कळवायचं त्यांना वाटलं, कळवलंय. कुणी न्यायला आलं नाही म्हणून बाकीचंही त्यांनी उरकून टाकलं होतं.

"मी तिला जेवन सांगत व्हते रं," ताई म्हणाल्या. "तो नव्हता, आन मी अंडं सांगितलं."

मी म्हणालो, "ताई, तलाठ्याला पाठवू. नाहीतर आशा सेविकेला. तुम्ही नका जाऊ."

"बरा हाय ते सांगायला तलाठी गेलता का?"

त्या दिवशी भोंगा लावला नाही. टेंपो उताराखाली ठेवून ताई पायी वर गेल्या, मी मागे. चांगुणा झोपडीच्या पडवीत लाकडं फोडत होती. ताईंना चालत आलेलं बघून तिने कोयता खाली ठेवला. ताईंनी काही आडपडदा ठेवला नाही. तो गेला, कधी गेला, आणि आपण सांगितलेलं दुसऱ्याचं होतं, हे सगळं सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक झाला होता की मला शब्द तुटक ऐकू येत होते.

चांगुणा रडली नाही. आधी तिला ते नीट उमगलंच नसावं. मग म्हणाली, "तू सांगायचीस जेवला, म्हनून मी बी जेवायची."

ताईंनी तिच्या पायांकडे हात नेला तेव्हा ती दचकून मागे सरली. आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही पडवीत उभे होतो. बऱ्याच वेळाने शेजारची एक बाई आली आणि म्हणाली, "जा आता तुमी."

दुसऱ्या दिवशी ताई भांडायला त्या सेंटरवर गेल्या. मी बाहेर टेंपोत थांबलो होतो. वाटलं, आज त्यांचा तो गिरणीतला आवाज रस्त्यापर्यंत येणार. काहीच आलं नाही. बाहेर आल्या आणि गाडीत बसल्या. "डॉक्टर भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलाय," म्हणाल्या. "जागा करून काय बोलू?"

नंतर त्यांचं बोलणं बदललं. माईकवर म्हणायच्या, "मला असं सांगितलंय. खरं का ते मी बघितलेलं नाय." हे लोकांना मुळीच आवडलं नाही. आधीचं 'ठावं नाय' तरी हसण्यावारी जात होतं. आता खालापूरच्या एका नाक्यावर एका गृहस्थाने तोंडावर सुनावलं, "आमदाराला बी खात्री नाय, तर आमी इचारायचं कोनाला?" कुणीतरी ताईंचा व्हिडिओ काढून फिरवला, त्याखाली हसणारी तोंडं लावून. ताईंनी तो माझ्याच मोबाईलवर पूर्ण बघितला. "तुज्या भोंग्याचा आवाज चांगला आलाय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या लाटेचं मी फार सांगत नाही, तुमच्याही घरात ती येऊन गेली असेल. बेड आहे का, ऑक्सिजन आहे का, इंजेक्शन आहे का. ताई दोन्ही कानांना फोन लावून बसायच्या. आमदार म्हणून त्यांचा फोन उचलला जायचा, आणि नाही हे उत्तर त्यांना इतरांपेक्षा लवकर मिळायचं, एवढाच काय तो फरक. मग गावोगाव जाऊन सांगायचं, "आज बेड नाय. मी फोन करतेच हाय, पन नाय." असं ओरडून सांगत फिरणारी दुसरी आमदार असेल असं मला वाटत नाही. कधी कधी वाटायचं, कशाला सांगता ताई, गप घरी बसा. विचारलंही. त्या म्हणाल्या, "नाय म्हनून कळलं तर मानूस दुसरीकडं धावंल तरी."

मग त्याच आजारी पडल्या. त्यांना पनवेलकडे बेड मिळाला. आमदार म्हणून मिळाला, असं लोक बोलले. ते खरंच होतं.

वाचल्या, पण छाती गेली. घरी आल्या त्या ऑक्सिजनच्या मशीनसकट, आणि आवाज राहिला तो नुसता कुजबुजण्यापुरता. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या राहिल्या नाहीत. आज त्यांच्या जागी कोण आहे, काय आहे, ते तुम्ही पेपरात वाचता. मला त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक दुपार सांगायची आहे.

शाळेतल्या बाई वापरतात तसला गळ्यात अडकवायचा माईक आणि छोटा स्पीकर मी त्यांच्यासाठी नेला होता. लावून बघितला तर बोलण्यापेक्षा श्वासाचाच आवाज मोठा यायला लागला. ताईंनी हसून तो काढून ठेवला. तेवढ्यात अंगणातून कुणीतरी हाक मारली. बघतो तर चांगुणा. डोक्यावर टोपली, टोपलीत रानातली शेवळं. पावसाच्या तोंडाला वाडीवरच्या बायका ही कोंबासारखी भाजी विकायला कर्जतला उतरतात. झाल्या प्रकारानंतर ती ताईंच्या दारात कधी आली नव्हती.

ती पायरीवर बसली. ताई भिंतीला धरून खाली उतरल्या, मशीनची नळी मागे ओढत, आणि तिच्याशेजारी बसल्या. चांगुणाने एक जुडी सोडली आणि शेवळं सोलायला घेतली. ताईंनीही चार उचलली. निघावं म्हणून मी वायर गुंडाळायला लागलो.

"तू बी तसल्याच दवाखान्यात व्हतीस ना?" चांगुणाने खाली बघतच विचारलं.

ताईंनी मान हलवली.

"मंग सांग. आत कसा असतो?"

ताई दम घेत घेत, थांबत थांबत सांगू लागल्या. "दिवा इजवत नाय. दिस हाय का रात, कळत नाय."

"मानसा असतात?"

"असतात. त्यांची तोंडं दिसत नाय. नुस्ते डोळे."

"बोलतात?"

"बोलतात. कामापुरतं."

"पानी देतात?"

"देतात," ताई म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मागावं लागतं."

चांगुणाचे हात थांबले. "तो मागनारा नव्हता," ती म्हणाली. "घरात बी कदी मागला नाय. मीच नेऊन ठेवायची."

मला वाटलं, ताई आता काहीतरी म्हणतील. न मागता देणारंही कुणी असतं, असं एखादं. म्हणायला काय जात होतं? पण त्यांनी ते बघितलेलं नव्हतं. हातातलं शेवळ त्यांनी टोपलीत ठेवलं.

मग त्या उठल्या. मी हात द्यायला पुढे झालो तर नको म्हणून खूण केली. चौकटीला धरून श्वास घेतला, आत गेल्या. माठाचं झाकण वाजलं. पुष्कळ वेळाने दोन्ही हातांत तांब्या धरून बाहेर आल्या. पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं. तो तांब्या त्यांनी चांगुणाजवळ पायरीवर ठेवला.

चांगुणाने तो उचलला, पण प्यायली नाही. मांडीत घेऊन तशीच बसून राहिली.