परदेशी माशांचे तलाठी

माशाला ‘तुझं मूळ गाव कोणतं’ असं विचारणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघावा, हे माझं प्रारब्ध. धामणगाव बढ्याजवळ त्यांचं खेडं. जन्मभर तलाठी होते. रिटायर झाले, दप्तर गेलं, पण चौकशीची खोड काही गेली नाही. ती आता गावच्या तलावातल्या माशांना भोवते.

सकाळी चहा घशाखाली उतरला की गळ, बादली आणि नातवाची पट्टी घेऊन निघायचं. सापडलेला मासा ओल्या गोणपाटावर निजवायचा, पट्टीनं मोजायचा, चष्मा कपाळावर सारून त्याचे काटे-खवले न्याहाळायचे आणि निकाल द्यायचा: बाहेरचा. निकाल बहुतेक हाच, कारण तलावात चिलापीशिवाय उरलंय काय? ही चिलापी म्हणे कुठल्याशा परदेशातून आली, दुसऱ्या माशांची अंडी खाते आणि स्वतः पिल्लं घालताना कंटाळत नाही. मला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण व्याह्यांनी ते लेकीच्या डोहाळजेवणात, भर पंगतीत, पुरणपोळी माझ्या तोंडात असताना समजावून सांगितलं.

धरलेला बाहेरचा मासा पाण्यात परत सोडायचा नाही, हा त्यांचा कायदा. स्वतः तोंडाला लावायचा नाही, हाही. मग खायचा कोणी? माझ्या लेकीनं चिलापीचा रस्सा इतका रांधला की घरच्या मांजरीनं शेजारचं घर धरलं. मोताळ्याच्या बाजारात तर मी त्यांच्यापासून चार हात लांबच चालते. एकदा मासेवालीच्या घमेल्यातला परदेशी मांगूर बोटानं दाखवून व्याह्यांनी अर्धा तास भाषण दिलं. शेवटी ती म्हणाली, “भाऊ, घ्यायचा नसन तं सरका. गिराईकाले मी दिसून नाही राह्यली.” हे कसले सरकतात!

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी होती मरळ, तलावातली मूळची मासळी. त्यांच्या लहानपणी तलावात मरळ मायंदाळ. बाळंतिणीला तिचाच रस्सा द्यायचे. आता कित्येक वर्षांत ती कोणाला दिसली नव्हती. “चिलापी हटली का मरळ येते, इहीनबाई. एक जोडी तरी उरली असन,” ते म्हणायचे. “हो ना, तुमचीच वाट पाहून राह्यली असन,” मी म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात मी लेकीकडे होते, तर व्याही धापा टाकत आले, दोरीवरची मच्छरदाणी ओढली आणि साक्षीदार म्हणून मलाही तलावावर नेलं. काठाच्या गवताशी शेकडो बारीक, लालभडक मासे एकाच गोळ्यानं फिरत होते, पाण्यात कुंकू सांडावं तसे.

“पाह्यलं? कोन्या दीडशहाण्यानं काचेच्या पेटीतले मासे आणून सोडले. आज एक ठेवत नाही मी.”

मच्छरदाणीचं एक टोक माझ्या हाती देऊन हे गुडघाभर पाण्यात. दोन खेपांत मच्छरदाणी दगडाला लागून फाटली, पण अर्धा थवा बादलीत आला. तेवढ्यात जाळं धुवायला आलेली गावची भोईण थबकली.

“आबा, मरळीचे पिल्ले काऊन उपसता?”

“हे लाल हायेत. मरळ काळी असते.”

“लहानपणी लालच असतात. ते पाहा खाली, त्यायची माय.”

पाण्यात मनगटाएवढी जाड एक काळी पाठ. पळाली नव्हती. उरलेल्या पिल्लांखाली गोल गोल फिरत होती.

विहिणीला असा मोका जन्मात एकदाच मिळतो. जिभेवर चांगले धारदार टोमणे आले होते. पण हे मच्छरदाणीला चिकटलेलं एकेक पिल्लू ओल्या बोटानं सोडवत होते. काही पिल्लं हललीच नाहीत. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढावा, तितक्या हळू त्यांनी बादली पाण्यात तिरकी केली. लाल गोळा पुन्हा जुळेपर्यंत तिथंच उभे राहिले.

“घेतलं का हो तिनं परत?” त्यांनी भोईणीला विचारलं. जन्मभर ज्यानं दुसऱ्याला फक्त सांगितलं, त्यानं.

“घेते आबा. माय मोजत थोडीच बसते.”

घरी आल्यावर लेकीनं विचारलं, “मच्छरदाणी कशानं फाटली?”

व्याही भिंतीकडे पाहत होते.

“माझ्या हातून फाटली,” मी म्हटलं. “बाभळीत अडकली.”